'एल सुर'चा शेवट: तुमचा अनुभव सांगा

धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्टर एरिसेचा १९८३चा 'एल सुर' (म्हणजे 'दक्षिण') हा पिक्चर ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा, बाकीच्यांनी इथंच थांबा, कारण सगळं उघड होणार आहे. १५ वर्षांची एस्त्रेया बॅग भरते, बाबांचा पाणी शोधायचा लंबक त्यात ठेवते, आता एकदाची दक्षिण, म्हणजे बाबांचा मूळ मुलूख, बघायला मिळणार म्हणते आणि पिक्चर संपतो. दक्षिण दिसतच नाही! पुढचा भाग दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात शूट व्हायचा होता, पण निर्माते एलियास केरेखेता यांनी काम मध्येच थांबवलं. तुम्हाला काय वाटलं?

*

मला तर शेवटाआधीचं हॉटेलातलं जेवणच सोडत नाही. शेजारच्या हॉलमध्ये लग्न चालू असतं आणि तिथं तेच पासोदोब्ले, म्हणजे स्पॅनिश नाचाची धून, वाजतं ज्यावर हे बापलेक तिच्या फर्स्ट कम्युनियनला (ख्रिस्ती मुलांचा चर्चमधला विधी) नाचले होते, तो विचारतो आठवतं का, आणि हिला क्लासला जायचं असतं. तो टेबलावर एकटा उरतो. माझे बाबा शेवटचे भेटले तेव्हा स्टँडवर म्हणाले होते, चहा घेऊ की गं, गाडीला दहा मिनिटं आहेत. मी नको म्हणाले. त्या सीनला पिक्चर बंद केला, उरलेला दुसऱ्या दिवशी पाहिला.

*

मला राग आला होता आणि अजून आहे. बाप गेल्यावर पोरीला ट्रंककॉलची पावती सापडते, शेवटच्या रात्री त्याने दक्षिणेत फोन केलेला. जुन्या प्रेयसीला का? काय बोलला असेल? आदेलाइदा गार्सिया मोरालेस यांच्या मूळ कथेत मुलगी आंदालुसियातल्या सेव्हिल शहरात जाते, तिथं ती बाई भेटते, तिचा मुलगा भेटतो, म्हणजे हिचा सावत्र भाऊच. एरिसेला तेच दाखवायचं होतं ना? मग अर्ध्यावर थांबलेल्याला लोक कविता का म्हणतात, मला खरंच पटत नाही.

*

दादा, तुमचा राग समजतो, पण मला तो शेवट पुरा वाटतो. आई माहेराबद्दल कधी बोललीच नाही, कारवारजवळचं गाव एवढंच माहीत, एकदाही नेलं नाही. ती गेल्यावर पत्र्याच्या पेटीत पोस्टकार्डांचा गठ्ठा मिळाला, सुतळीने बांधलेला, कडा खाल्लेल्या. एस्त्रेयाकडे पण सेव्हिलची रंगीत कार्डं असतात बघा, त्यातच तिची दक्षिण. दोनदा तिकीट काढून रद्द केलं मी. जोवर गेले नाही तोवर ते घर उभं आहे, दारात अबोली आहे, आईची आई भाकरी थापतेय.

*

ताई, मे महिन्यात मी कारवारला जाणार आहे. गावाचं नाव कळवलंत तर नुसतं बघून येतो, फोटो नाही काढणार.

*

नको. पण विचारलंत, बरं वाटलं.