अर्थशास्त्रासोबत गणित घ्यावं का?

पुतणी अमेरिकेत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने अर्थशास्त्रासोबत गणितातही मेजर (मुख्य विषय) करावं का, असं सुनीलरावांनी विचारलंय. 'अर्थशास्त्राला एवढं गणित लागत नाही' हे इथे काहींनी मांडलेलं मत पदवीपुरतं ठीक आहे. पण तिला पुढे पीएचडी करायची असेल तर चित्र बदलतं. तिथे पहिल्याच वर्षी गणिती सिद्धता लिहाव्या लागतात, म्हणून प्रवेश देणारे गणितातल्या रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्रातले गुण बारकाईने बघतात. १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले जॉन नॅश मुळात गणिताचेच पीएचडी होते!

अर्थात या विषयांसाठी पूर्ण मेजरच हवं असं नाही, मायनरमध्येही (दुय्यम विषयात) ते बसवता येतात. अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा नुसतं मेजर पुरं करायला घेण्यापेक्षा इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्रीय विश्लेषण) आणि प्राध्यापकांसोबत संशोधन मी वर ठेवेन.

ती एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असेल तर आणखी एक गोष्ट. ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायची परवानगी, १२ महिन्यांचं असतं, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयाला २४ महिने वाढवून मिळतात. गणित स्टेममध्ये येतं, साधं अर्थशास्त्र नाही. इकॉनोमेट्रिक्सच्या कोडखालचं (कोड म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक) मात्र येतं. तिच्या आय-२० वर (व्हिसासाठी कॉलेजने दिलेला फॉर्म) कोणता कोड आहे ते आधी बघा.