शेड नंतर, आधी नोंद

एकाने विचारलंय की गावची स्मशानभूमी वापरात आहे, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, मग दहनासाठी शेड मिळेल का? आधी नोंद करून घ्या. गाव मराठवाड्यातलं असेल तर तिथे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, त्यामुळे जुना पुरावा वेगळ्या कागदांत सापडतो. तहसीलमधून १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल काढा, गावनकाशा जोडा. गट सरकारी किंवा गायरान निघाला तर ग्रामसभेचा ठराव घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ खाली जागा राखून मागा. खाजगी निघाला तर काम लांबतं, पण मालकाने रस्ता अडवण्याआधी हात घातलेला बरा. जागेची मोजणी होईल तेव्हा लिंगायत आणि मुस्लिम दफनभूमीची हद्दही त्यातच कायम करून घ्या, ती नेहमी विसरली जाते.

दुसरं, पावसात सरण अर्धवट जळण्याबद्दल. ३०० ते ४०० किलो लाकूड लागतंच, पण ओलं असेल तर आधी त्यातलं पाणी आटण्यातच उष्णता जाते. वरून डिझेल ओतलं की भडका उडतो, आतलं लाकूड तसंच राहतं. बाभूळ, कडुलिंब उन्हाळ्यातच फोडून छपराखाली रचा. तळाशी पऱ्हाटी, तुराट्या, मग गोवऱ्या. लोखंडी दाहिनीची, म्हणजे सरण रचायच्या सांगाड्याची, जाळी जमिनीपासून फूटभर तरी वर हवी, खालून वारा मिळाला नाही तर धूरच होतो. आदल्या वेळची राख आधी काढा. ती साचली की वाऱ्याची हीच वाट बुजते.