मदत हवी आहे: आईला पाटेश्वरला न्यायचंय, गुडघे दुखतात

नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळ देगावच्या डोंगरावरचं पाटेश्वर, म्हणजे तिथलं शंकराचं देऊळ आणि लेणी, आईला दाखवायचं आहे. वय ६८, दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीला चालते, पण पायऱ्या चढताना दर पाच-सहा पायऱ्यांना थांबावं लागतं.

मी मागच्या थंडीत मित्रांबरोबर गेलो होतो. कोरीव लेण्यांतल्या त्या पिंडी डोळ्यांपुढून जातच नाहीत. कुठे मूठभर, कुठे कमरेएवढ्या, आणि एका पिंडीवर तर इतक्या बारीक पिंडी कोरल्यात की मी बोटाने मोजायला लागलो आणि तिसऱ्या ओळीत चुकलो. दगड गार, थोडा ओलसर. ऋग्वेदातल्या ऋचेप्रमाणे दोन तोंडं, सात हात, तीन पाय असलेली अग्निवृषाची (अग्नी आणि बैल यांच्या एकत्र रूपाची) मूर्तीही तिथेच आहे. घरी आल्यावर आईला फोटो दाखवले, तर म्हणाली, "मला प्रत्यक्ष बघायचंय रे." तेव्हापासून तेच डोक्यात आहे.

आम्ही तेव्हा देगावातून चालतच वर गेलो, त्यामुळे गाडीचं काहीच माहीत नाही. गाडी नेमकी कुठवर जाते? तिथून पुढे किती पायऱ्या, आणि धरायला कठडा आहे का? आत अंधार असतो, मोबाईलचा उजेड मला तरी पुरला नाही, मग टॉर्च किती मोठी घ्यावी? श्रावणात शेवाळाने पाय घसरतो का, की सरळ दिवाळीनंतर जावं?

आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना कोणी नेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. डोलीवाले किंवा हात धरायला गावातलं कोणी मिळत असेल, तर तेही कळवा.