इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर : आपली आवडती जोडी कोणती, आणि का?

लातूर_सहातारी

नमस्कार मंडळी. माझा हात अकूस्टिक गिटारवर बसलेला आहे आणि वाजवणे बहुतेक भावगीते व जुनी चित्रपटगीते एवढेच असते. आता इलेक्ट्रिक गिटार घ्यायचे ठरवले आहे. गिटार आणि अ‍ॅम्प मिळून पन्नास हजारांच्या आत बसवायचे आहेत. लातूरच्या दुकानांत जे उपलब्ध आहे त्यात निवड करण्यासारखे फारसे नसल्यामुळे खरेदीसाठी हैदराबाद किंवा पुणे गाठावे लागेल, आणि एकदा गेल्यावर तिथल्या विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबून राहण्यापेक्षा आपल्यासारख्या वाजवणाऱ्यांचे अनुभव आधी ऐकून घ्यावेत असे वाटते.

कोणती वस्तू सर्वोत्तम, असा माझा प्रश्न नाही. आपण स्वतः कोणत्या गिटारला कोणता अ‍ॅम्प लावता आणि त्या जोडीत आपल्याला नेमके काय आवडते, हे कारणांसह सांगावे. पैशांचा मोठा वाटा गिटारला द्यावा की अ‍ॅम्पला, यावरही मत द्यावे. माझे घर दोन खोल्यांचे असून शेजाऱ्यांची भिंत सामाईक आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

गोदातीर, नांदेड

नमस्कार. माझी आवडती जोडी म्हणजे टेलिकास्टर आणि कमी वॉटचा व्हॉल्व्ह (म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प. लिओ फेंडर यांनी ही गिटार 1950 मध्ये ‘ब्रॉडकास्टर’ या नावाने बाजारात आणली. ग्रेच कंपनीने नावाला हरकत घेतल्यामुळे 1951 मध्ये तिची टेलिकास्टर झाली आणि तेव्हापासून तिच्या रचनेत मूलभूत असा बदल झालेलाच नाही. सपाट फळीसारखे अंग, स्क्रूने जोडलेला नेक, दोन पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारे चुंबकी भाग), आवाज व टोनच्या दोन खुंट्या आणि एक स्विच एवढाच तिचा संसार आहे. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा अंगावर जिथे टेकतात तिथला पिकअप धातूच्या पट्टीत बसवलेला असल्यामुळे त्याचा स्वर थोडा टोकदार येतो, आणि उजव्या हाताचा आघात हलका झाला की जड, हे तो लपवत नाही. पुष्कळांना हाच तिचा दोष वाटतो. भावगीताच्या ओळीत मात्र एक स्वर दाबून दुसरा उचलायचा असतो, तिथे हा स्पष्टपणा फार उपयोगी पडतो. अस्सल अमेरिकन टेलिकास्टर आपल्या अंदाजपत्रकात बसणार नाही. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या क्लासिक व्हाइब मालिकेतली मी अनेक वर्षे वाजवत आहे आणि ती बदलावी असे मला वाटलेले नाही.

अ‍ॅम्पच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटायला हवा असेल तर वॉट दहापट लागतात. पन्नास आणि शंभर वॉटमधला फरक अवघा तीन डेसिबलचा असतो. त्यामुळे ‘पंधरा वॉट म्हणजे घरासाठी छोटा अ‍ॅम्प’ हा हिशेब चुकतो. फेंडरचा ब्लूज ज्युनियर दोन ईएल84 व्हॉल्व्हवर पंधरा वॉट देतो, आणि हे व्हॉल्व्ह जोरात चालवल्यावर स्वराला जी दाट, किंचित फाटलेली कड देतात ती ज्या आवाजावर येते, त्या आवाजाला आपला शेजारी दार ठोठावेल. सामाईक भिंत असेल तर व्हॉल्व्हचा विचार एक ते पाच वॉटमध्येच करावा. असा अ‍ॅम्प पुरेसा चढवून ठेवायचा आणि गिटारवरचा व्हॉल्यूम कमी-जास्त करायचा. खाली आणला की स्वर स्वच्छ होतो, वर नेला की खरखरीत होतो, आणि पायाखाली एकही पेडल लागत नाही. मला या वाद्यात सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट हीच आहे.

पैशांचा मोठा वाटा अ‍ॅम्पला द्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. साधी गिटार चांगल्या अ‍ॅम्पवर शोभते; उलट मात्र होत नाही.

रिदमवाला, जालना

गोदातीर सरांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, व्हॉल्व्हच्या शिफारशीशी नाही. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, पुढे गणेशोत्सव आणि नवरात्र. सामान टेम्पोत जाते आणि वीज बहुधा जनरेटरची असते. व्होल्टेज कधी चढते, कधी बसते, आणि काचेचे व्हॉल्व्ह असलेला जड अ‍ॅम्प खड्ड्यांच्या रस्त्याने रोज हलवणे मला तरी परवडणारे नाही.

माझी गिटार यामाहा पॅसिफिका 112व्ही आहे. पॅसिफिका मालिका 1990 पासून चालू आहे. तिच्या ब्रिजजवळ हमबकर (तारेच्या दोन वेटोळ्यांचा, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप) आणि उरलेल्या दोन जागी सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे पिकअप) आहेत. शिवाय टोनची खुंटी वर ओढली की हमबकरचे एकच कॉइल चालू राहते. एका रात्रीत लावणी, कव्वालीच्या ढंगाचे गाणे, सत्तरच्या दशकातले हिंदी गीत आणि शेवटी डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटलेला, खरखरीत स्वर) मागणारे नवे गाणे असा क्रम असतो, तेव्हा गिटार बदलायला वेळ नसतो. सुंदर आवाज देणाऱ्या गिटारा पुष्कळ आहेत, परंतु इतकी सोय करून देणारी या किमतीत मला दुसरी आढळली नाही.

अ‍ॅम्पमध्ये माझ्या मनातला पहिला क्रमांक रोलँडच्या जेसी-120 चा आहे, जरी तो माझ्या मालकीचा नसला तरी. 1975 पासून बनत असलेल्या या अ‍ॅम्पमध्ये एकही व्हॉल्व्ह नाही. साठ-साठ वॉटचे दोन अ‍ॅम्प आणि बारा इंची दोन स्पीकर एकाच पेटीत आहेत. कोरस चालू केला की एका स्पीकरमधून मूळ स्वर आणि दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा स्वर येतो व दोन्ही हवेत मिसळतात. मेटालिकाचे जेम्स हेटफील्ड यांच्यासारखा कर्कश वाद्यमेळ करणारा वादकही स्वच्छ स्वरासाठी याच अ‍ॅम्पकडे वळला, यातच त्याची योग्यता दिसते. त्याचे अंगचे डिस्टॉर्शन मात्र मला अजिबात आवडत नाही.

घरी मी बॉस कटाना 50 वापरतो. त्यात शक्तीचे तीन टप्पे आहेत : पन्नास, पंचवीस आणि अर्धा वॉट. अर्ध्या वॉटवर दार बंद करून रात्री वाजवता येते, हेडफोनची सोय आहे, आणि कार्यक्रमात तोच स्वर थेट मिक्सरकडे देता येतो. व्हॉल्व्हची ती कड यात हुबेहूब येत नाही. पण ऑर्केस्ट्रात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्ड चालू असताना ती कड ऐकणारा श्रोता मला अजून भेटलेला नाही.

लातूर_सहातारी

दोघांचेही आभार. दोन शंका आहेत. लेस पॉल गिटार आणि मार्शल अ‍ॅम्प या जोडीचे नाव अजून कोणी घेतले नाही, त्याचे कारण केवळ किंमत आहे का? दुसरी शंका अशी की, मित्राची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार माझ्या घरी लावून पाहिली तेव्हा अखंड गुणगुण येत होती आणि पंख्याचा वेग बदलला की ती गुणगुणही बदलत होती. हा दोष गिटारचा समजायचा की माझ्या घराचा?

तारदुरुस्ती, छत्रपती संभाजीनगर

मी गिटार दुरुस्त करतो, म्हणून दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तार. ती गिटारच्या तारेचे कंपन पकडते तशी घरातल्या पन्नास हर्ट्‌झच्या विजेची हालचालही पकडते. आपण सांगितलेले पंख्याचे लक्षण इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरकडे बोट दाखवते. तो विजेची लाट मधूनच कापतो आणि त्यातून जी झणझण निघते ती पिकअप उचलतो. पंखा बंद करून किंवा पूर्ण वेगावर ठेवून पाहावे. गिटार हातात घेऊन जागच्या जागी फिरावे. एका दिशेला गुणगुण कमी होत असेल तर ती पिकअपमधूनच येत आहे. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून शील्डिंग करता येते, खर्च किरकोळ आहे. गिटारची वायर काढल्यावरही अ‍ॅम्प गुणगुणत असेल, तर गिटारला दोष देऊ नये.

यानंतर अर्थिंग, आणि येथे मला थोडे कडक बोलावे लागेल. आपल्या मराठवाड्यात वर काळी माती आणि खाली मुरूम व काळा कातळ अशी जमीन आहे. उन्हाळ्यात माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या सळईचा तिच्याशी असलेला संपर्क सैल होतो आणि जे अर्थिंग पावसाळ्यात उत्तम होते ते मे महिन्यात नावापुरते उरते. खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी पद्धत अगदी योग्य आहे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. गुणगुण कमी होते म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठांशी माइक अशा स्थितीत त्या पिनेचा अर्थ जीव असा होतो. इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचाच असावा. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर जवळजवळ प्रत्येक अ‍ॅम्प भुणभुणतो.

आता लेस पॉल. गिब्सनची ही गिटार 1952 ची, पण जिच्यासाठी लोक वेडे होतात ती हमबकर असलेली लेस पॉल 1957 पासूनची. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारी ठेवून त्यांचे वेढे आणि चुंबकाचे ध्रुव उलटसुलट केले. परिणामी बाहेरची गुणगुण परस्परांना रद्द करते आणि तारेचा स्वर मात्र बेरजेत येतो. आपल्या घरातली वीज पाहता हमबकर हा आपल्यासाठी सरळ उपाय आहे. लेस पॉलची तार 24.75 इंचांची, फेंडरची 25.5 इंचांची. त्याच जाडीच्या तारा त्याच स्वरात लावल्या तर लेस पॉलवर ताण कमी पडतो आणि स्वर ओढायला बोटांना सोपे जाते. मींड काढणाऱ्याने हा फरक दुकानात बसून अवश्य अनुभवावा.

मार्शलची कथा मला नेहमी गमतीची वाटते. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल स्वतः ड्रमवादक होते, आणि 1962 मध्ये त्यांच्या दुकानात तयार झालेला जेटीएम45 हा फेंडर बासमनच्या मंडलावरच आधारलेला होता. व्हॉल्व्ह वेगळे मिळाले, सेलेस्टियनचे बारा इंची चार स्पीकर मागून बंद पेटीत बसवले गेले, आणि तेवढ्या बदलाने स्वराचा स्वभाव पालटला. तो स्वभाव मोठ्या आवाजात खुलतो. लेस पॉल आणि मार्शल ही जोडी मला मनापासून प्रिय आहे, पण दोन खोल्यांच्या घरात तिचे वैभव दिसणार नाही. किंमत हे कारण त्यानंतरचे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात लाकूड आकसून फ्रेटची टोके हाताला बोचू लागतात, आणि त्याच खोलीत पाण्याचा कूलर लावला की हवा दमट होऊन तारा गंजतात. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नये, वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. नेक वाकल्यासारखा वाटला तर ट्रस रॉड (नेकच्या आतली तो सरळ ठेवणारी सळई) स्वतः जोर लावून फिरवू नये.

अंबाजोगाईकर

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु स्पीकरबद्दल जाता जाताच उल्लेख झाला याचे आश्चर्य वाटले. माझी आवड स्ट्रॅटोकास्टर आणि व्हॉक्सचा एसी30 अ‍ॅम्प. एसी30 चा झगझगीत, घंटेसारखा वरचा स्वर मला दुसरीकडे सापडला नाही. क्वीनचे ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली गिटार याच अ‍ॅम्पवर आयुष्यभर वाजवली. मी अर्थातच मॉडेलिंग (म्हणजे इतर अ‍ॅम्पच्या स्वरांची डिजिटल नक्कल करणाऱ्या) अ‍ॅम्पमधल्या नकलेवर समाधान मानते. पण ती नक्कल आठ इंची स्पीकरवर ऐकली तेव्हा डबा वाजल्यासारखी वाटली आणि बारा इंचीवर तीच सेटिंग भरदार झाली. तेव्हा अ‍ॅम्पवर किती प्रकारचे आवाज आहेत हे मोजण्यापूर्वी स्पीकर किती इंची आहे ते पाहावे.

स्ट्रॅटच्या गुणगुणीवर एक उतारा आहे. मधला पिकअप उलट वेढ्यांचा असेल, आणि हल्लीच्या बहुतेक गिटारांत तो असतो, तर पाच टप्प्यांच्या स्विचवरील दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. भावगीतांना त्या दोन जागांचा पोकळ, गोड स्वर विलक्षण शोभतो.

लातूर_सहातारी

ताई, दादा, सर्वांचे आभार. कल आता पॅसिफिका आणि बारा इंची स्पीकरचा मॉडेलिंग अ‍ॅम्प याकडे झुकला आहे. हैदराबादेत वापरलेला अ‍ॅम्प चांगल्या किमतीत मिळाल्यास काय तपासावे?

रिदमवाला, जालना

सर्वप्रथम मागची पट्टी वाचावी. परदेशातून कोणी सोबत आणलेले अ‍ॅम्प पुष्कळदा 120 किंवा 100 व्होल्टचे असतात. आपल्या 230 व्होल्टवर ते थेट लावले तर जळतील आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च व वजन वाढेल. त्यानंतर गिटार न जोडता सर्व खुंट्या फिरवून पाहाव्यात; फिरवताना खरखर आली तर पॉट (खुंटीखालचा फिरता भाग) साफ करून भागते, पण खुंटी स्थिर असतानाही आवाज तुटत असेल तर तो अ‍ॅम्प सोडून द्यावा. दुकानात उभे राहून जोरात वाजवू नका. घरी ज्या आवाजावर वाजवणार आहात, त्याच आवाजावर किमान अर्धा तास वाजवा, आणि दुकानदाराने घाई केली तर दुसऱ्या दुकानात जा.