मदत हवी आहे: परिचारिकेच्या नजरेतून टॉलस्टॉय

टॉलस्टॉयची १८८६ सालची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही छोटी कादंबरी परिचारिका झाल्यावर पुन्हा वाचली आणि गेरासिमपाशीच अडकले. डॉक्टर मूत्रपिंड की अपेंडिक्स याचा खल करत बसतात. हा नोकर मात्र रुग्णाचे पाय रात्र रात्र खांद्यावर धरून बसतो, घाण काढताना नाक मुरडत नाही आणि मरणाबद्दल खोटं बोलत नाही. शेवटचं सगळ्यात अवघड. नातेवाईक 'त्यांना काही सांगू नका' म्हणून बजावतात तेव्हा तर फारच.

नव्या परिचारिकांसोबत हा भाग वाचायचा आहे. गेरासिमचा प्रसंग एकटा पोचेल, की आधीची डॉक्टरांची भेटही घ्यावी? शुश्रूषा करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली अशी एखादी लहान कादंबरी ठाऊक असेल तर तीही कृपया सुचवा.