क्लाउनफिशची पिल्ले आठव्या-नवव्या दिवशी दगावतात : जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार.

ठाण्यात घरी २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मी गेली चार वर्षे ऑसेलारिस क्लाउनफिशची एक जोडी सांभाळते आहे. टाकीत खडक आणि एक बबल टिप ॲनिमोन (क्लाउनफिश ज्याच्या आश्रयाने राहतात तो फुलासारखा समुद्री प्राणी) आहे. कठीण प्रवाळ ठेवलेले नाहीत, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश आहे. जानेवारीपासून ही जोडी दर बारा-पंधरा दिवसांनी मातीच्या कुंडीच्या आतल्या बाजूस अंडी घालते. नर दिवसभर त्यांना पंखांनी वारा घालतो आणि खराब झालेली अंडी तोंडाने वेचून काढतो. अंड्यांच्या बाबतीत मला काहीही अडचण नाही. अडचण त्यानंतर सुरू होते.

पहिल्या खेपेस माझी तयारीच नव्हती. जिवंत खाद्याऐवजी मी उकडलेल्या अंड्याचा बलक आणि बारीक पूड दिली, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी पिल्ले गेली. ती चूक मला समजली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेस मात्र शक्य तेवढी काळजी घेऊनही आठव्या-नवव्या दिवशी, म्हणजे पिल्लांच्या अंगावर पांढरा पट्टा उमटण्याच्या ऐन वेळी, बहुतेक सगळी दगावली. तिसऱ्या खेपेची हकिगत सविस्तर लिहिते.

अंडी घातल्यापासून सातव्या दिवशी अंड्यांतले डोळे चंदेरी दिसू लागल्यावर संध्याकाळी कुंडी ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत हलवली आणि अंड्यांखाली हवेचा मंद झोत सोडला. दिवे मालवल्यानंतर दोन तासांत सुमारे ३०० पिल्ले बाहेर आली. पाणी मुख्य टाकीतलेच घेतले होते : तापमान २७ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२४, पीएच ८.२. पिल्ले उजेडाकडे धावून काचेवर डोकी आपटतात, म्हणून टाकीच्या तिन्ही बाजूंना काळा कागद लावला होता. पहिल्या दिवसापासून रोटिफर (पाण्यातले अतिसूक्ष्म जीव) दिले. पिपेटने एक मिलिलिटर पाणी घेऊन मोजत होते आणि संख्या दहाच्या खाली जाऊ देत नव्हते. रोटिफरना नॅनोक्लोरॉप्सिस हे शेवाळ देते. मध्यंतरी शेवाळ संपल्यामुळे दोन दिवस बेकरीचे यीस्ट दिले होते.

पाचव्या दिवशी आर्टेमिया (कोळंबीसारख्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाची बारीक पिल्ले) सुरू केला आणि सहाव्या दिवशी रोटिफर बंद केले. आर्टेमियाची अंडी रात्री भिजत घालते. दुसऱ्या रात्री निघालेली पिल्ले गाळून भांड्यात ठेवते आणि तीच पुढचा दिवसभर थोडी थोडी घालते. सातव्या दिवशी माशांची सुमारे १२० पिल्ले शिल्लक होती, पोटे नारिंगी आणि भरलेली दिसत होती. आठव्या दिवशी सकाळी अमोनिया ०.२५ पीपीएम दिसला, म्हणून झाकण उघडून, दिवा लावून चौथा हिस्सा पाणी बदलले. त्याच वेळी कित्येक पिल्ले गरगर फिरली, आडवी झाली आणि तळाशी गेली. दुसऱ्या दिवशी नुसते झाकण उचलले तरी तसेच झाले. शेवटी सहा पिल्ले उरली. ती आज बावीस दिवसांची आहेत, व्यवस्थित खातात, परंतु त्यांपैकी दोघांचा मधला पट्टा अर्धवट आहे.

माझा संशय अमोनियावर आहे. तो शून्यावर ठेवण्यासाठी रोज किती पाणी आणि कोणत्या रीतीने बदलावे? की कारण दुसरेच आहे? माझी जोडी बहुधा समुद्रातून पकडून आणलेली आहे, आणि घरी वाढलेली पिल्ले इतरांना देता आली तर तेवढे मासे तरी खडकावरून उचलले जाणार नाहीत, या इच्छेने मी हे करते आहे. म्हणूनच प्रत्येक खेप अशी वाया जाताना पाहणे जड जाते.

प्रतिसाद :

आपण नोंदी इतक्या नेटक्या ठेवल्या आहेत की उत्तर त्यांतच सापडते. अमोनिया कमी करायलाच हवा, विशेषतः ८.२ पीएचला, कारण पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो. परंतु झाकण उचलताच गरगर फिरून तळाशी जाणे हे प्रामुख्याने कुपोषणाचे लक्षण आहे. पोट भरलेले असूनही खाद्यात डीएचए हे मेदाम्ल कमी पडले, तर रूपांतराच्या, म्हणजे पट्टा उमटण्याच्या दिवसांत पिल्ले लहानसा धक्काही सोसू शकत नाहीत. अर्धवट पट्टेही बऱ्याचदा याच उणिवेकडे बोट दाखवतात.

नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये ईपीए हे दुसरे मेदाम्ल भरपूर असते, डीएचए जवळजवळ नसते. यीस्टमध्ये तर दोन्ही नसतात. रोटिफर जे खातो तेच पिल्लाच्या पोटात जाते, म्हणून त्यांना आयसोक्रायसिससारखे डीएचए असलेले शेवाळ किंवा तयार डीएचए द्रावण द्यावे. दुसरी उणीव आर्टेमियाची आहे. नुकत्याच निघालेल्या आर्टेमियाच्या अंगात बलक असतो; उबेत दिवसभर ठेवल्यास आर्टेमिया स्वतःच तो संपवतो आणि आपण पिल्लांना रिकामे कवच भरवतो. एकतर निघाल्यापासून काही तासांतच तो खाऊ घालावा आणि उरलेला फ्रिजमध्ये ठेवावा, किंवा पहिली कात टाकून त्याचे तोंड उघडल्यावर डीएचए द्रावणात ठेवून मगच द्यावा. ताज्या आर्टेमियातही डीएचए नगण्यच असते, म्हणून मला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

रोटिफर एका दिवसात बंद करू नयेत. लहान चणीच्या पिल्लांना आर्टेमिया गिळता येत नाही, म्हणून दहाव्या दिवसापर्यंत दोन्ही द्यावेत. पाणी हवेच्या बारीक नळीने थेंब थेंब बदलावे, आणि पट्टा उमटण्याच्या दोन-तीन दिवसांत उजेड एकदम वाढवू नये.

मूळ प्रश्नकर्ती :

मनापासून आभार. शेवाळाच्या डब्यावरचा मजकूर पुन्हा वाचला. त्यात केवळ नॅनोक्लोरॉप्सिसच आहे. पोट भरलेले दिसते म्हणजे पोषण होते, असे मी धरून चालले होते. कालच कुंडीवर नवी अंडी दिसली आहेत, परंतु डीएचए द्रावण हाती यायला आठवडा लागेल आणि रोटिफरची वाढही यीस्टमुळे मंदावली आहे. त्यामुळे ही खेप मी आई-वडिलांजवळच राहू देणार आहे. एवढे सांगावे, की उरलेल्या सहा पिल्लांना आता डीएचए दिल्यास काही लाभ होईल का?

प्रतिसाद :

अर्धवट पट्टा आता सहसा पूर्ण होत नाही, पण वाढीसाठी लाभ नक्की होईल. आर्टेमियाबरोबर बारीक दाण्याचे चांगले समुद्री खाद्य दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. ही सहा पिल्ले मुख्य टाकीत मात्र एवढ्यात सोडू नयेत. अंड्यांची राखण करणारी जोडी त्यांना जवळ येऊ देणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती :

तसेच करते. पुढची अंडी दोन आठवड्यांत येतील. त्यांतल्या पिल्लांचा नववा दिवस उलटला की संख्या येथे लिहीन.