फसवाफसवीचे अनुभव : या, लिहा

मोगरा
आज गल्लीत 'भांडी चकाचक'वाला ओरडत गेला आणि आईच्या पाटल्या आठवल्या. असाच एक पावडरवाला आलेला. आधी समई फुकटात घासून दिली, लख्ख! मग पाटल्या मागितल्या. स्वतःच्या वाडग्यातल्या पाण्यात बुडवून ब्रशने घासल्या, हळदीच्या डब्यात घालून दिल्या, "झाकण इतक्यात उघडू नका माऊली." पाटल्या दिसायला तश्शाच. सोनाराकडे वजन केलं तर बरंच कमी! ते पाणी म्हणजे तेजाब, सोनं त्यात विरघळलेलं आणि वाडगा गेला त्याच्याबरोबर.
तुमच्याकडचे किस्से येऊ द्या.

अप्पा_सदाशिव
तोतया पोलीस. मंडईबाहेर. "काकू, पुढे खून झालाय, दागिने काढा, पुडीत बांधून देतो." सौ. म्हणाली, आधी चौकीवर चल, तिथे काढते. पसार!! (पुडीत नंतर खडे निघतात.)

चहाबाज
सोफा विकायला टाकलेला. 'फौजी' साहेबांचा फोन, न बघताच किंमत कबूल. घासाघीस नाही म्हटल्यावरच शंका आली. क्यूआर पाठवून म्हणे स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. अहो, पैसे घ्यायला पिन कशाला लागतोय! सोफा अजून आहे, हवाय का कुणाला?

रानजाई
सासऱ्यांना मेसेज, 'आज रात्री 9:30 ला वीज कापणार'. म्हणाले, बरं होईल, मालिका तरी बंद पडेल 😂

कढीपत्ता
सिलिंडर कुणी वजन करून घेतं का? गॅस 14.2 किलो, अधिक टाकीवर लिहिलेलं रिकाम्या टाकीचं वजन. आमचा माणूस काटा आणतच नाही. मागितला की "मॅडम, लिफ्ट बंद आहे".

अप्पा_सदाशिव
आमच्याकडे लिफ्टच नाही.

दूरदेशी
आई पुण्यात एकटी. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज, डिजिटल अरेस्ट, कुणाशी बोलायचं नाही. बिचारी एफडी मोडायला बँकेत. काउंटरवरच्या मुलीने तिचे थरथरते हात बघितले, बसवून पाणी दिलं आणि मला फोन लावला. अशी अटक कायद्यातच नाही हो. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा, पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता येतात.

रानजाई
बाप रे. आई बऱ्या आहेत ना आता?

दूरदेशी
हो. आता माझाही फोन उचलत नाही 😅

कढीपत्ता
@चहाबाज सोफा थ्री सीटर आहे का? कुकर लावून येते, माप टाकून ठेवा.